पेशी गेल्यावर उरलेलं: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

वर्ष संपेपर्यंत प्रयोगशाळा रिकामी करून द्यायची आहे. त्याआधी स्वतःसाठी एक काम काढलं आहे. फायब्रोब्लास्ट (शरीरातलं जोड-ऊतक विणणाऱ्या) पेशींकडून त्यांचं मॅट्रिक्स, म्हणजे पेशींबाहेरचं जाळं, विणून घ्यायचं, मग पेशी विरघळवून टाकायच्या आणि मागे उरलेल्या जाळ्यावर नव्या पेशी सोडून त्या काय करतात ते बघायचं. यात नवा शोध काही नाही. एडना कुकिअरमन आणि केनेथ यामादा यांच्या गटाने हे २००१ मध्येच दाखवलं. मी मात्र पस्तीस वर्षं मॅट्रिक्सवर काम करूनही हे स्वतःच्या हाताने कधी केलेलं नाही. माझ्याकडचं मॅट्रिक्स कायम बाटलीतून आलं: शुद्ध केलेलं फायब्रोनेक्टिन, उंदराच्या शेपटीतलं कोलॅजेन, उंदराच्याच गाठीतून काढलेलं जेल.

सोबत एक विद्यार्थिनी आहे. या पेशी पुढे तिच्याकडे जाणार. नोंदी ती इतरांनाही वाचायला देणार म्हणते, म्हणून एकदाच लिहून ठेवते: पेशींच्या बाहेर, पेशींनीच तयार केलेलं जे जाळं असतं ते मॅट्रिक्स. त्यात कोलॅजेन, फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन असतात, आणि पाणी धरून ठेवणाऱ्या लांबच लांब शर्करासाखळ्या. कूर्चा, कंडरा, त्वचेचा आतला थर हे बहुतांशी मॅट्रिक्सच; पेशी त्यात मधे मधे. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण एक तृतीयांश एकटं कोलॅजेन.

९ जानेवारी

सहा डिश. तळाला ०.२ टक्के जिलेटिनचा लेप, ३७ अंशांना एक तास. धुतलं, पेशी दाट पेरल्या. मूळ पद्धतीत जिलेटिनवर ग्लुटराल्डिहाइड द्यायला सांगितलं आहे. मी ती पायरी गाळली. ग्लुटराल्डिहाइडचा वास डोक्यात जातो, आणि नुसतं जिलेटिन पुरेल असं वाटलं.

उद्यापासून दर ४८ तासांनी मीडियम (पेशींचं पोषक द्रव) बदलून व्हिटॅमिन सी, मिलिलीटरला ५० मायक्रोग्रॅम.

१३ जानेवारी

राखीव फ्लास्कमधल्या पेशी स्प्लिट केल्या, म्हणजे सोडवून नव्या फ्लास्कमध्ये वाटल्या. ट्रिप्सिन, दोन मिनिटं, फ्लास्कच्या बाजूवर तळहाताने दोन थापा, आणि पेशी गोल होऊन सुटल्या. हे मी किती हजार वेळा केलं असेल याचा हिशोब नाही.

विद्यार्थिनी शेजारी उभी राहून म्हणाली, "मॅडम, आपण मॅट्रिक्सचा अभ्यास करतो आणि दर तीन दिवसांनी तेच कापून टाकतो."

बरोबर आहे. ट्रिप्सिन पेशीची पकड सोडवतं ते नेमकं बाहेरची प्रथिनं तोडून. पेशीने तीन दिवस खपून जे विणलं त्याचे तुकडे मीडियमबरोबर शोषून टाकाऊ बाटलीत जातात, आणि पेशी नव्या प्लास्टिकवर पुन्हा शून्यापासून सुरुवात करते. आपण त्याला "पेशी सांभाळणं" म्हणतो.

१५ जानेवारी

सकाळी इन्क्युबेटर उघडला तर सहापैकी चार डिशमध्ये तळ मोकळा. पेशींचा अख्खा थर कडेने सुटून, गुंडाळून, मधे पांढरट गोळी होऊन तरंगत होता. उरलेल्या दोन दुपारपर्यंत गेल्या.

दोष पेशींचा नाही. फायब्रोब्लास्ट ओढतातच. जखम आक्रसते ती त्यांच्या ओढीनेच. अल्बर्ट हॅरिस आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये पेशी पातळ सिलिकॉन रबरावर ठेवल्या तर रबराला सुरकुत्या पडल्या. एकेकटी पेशी, आणि तिच्याखाली चुण्या! मी तो फोटो दरवर्षी वर्गात दाखवते. तरी दाट पेरलेला थर नुसत्या जिलेटिनवर टिकेल असं धरून चालले. ग्लुटराल्डिहाइडची पायरी होती ती याचसाठी: जिलेटिन तळाशी जखडायला.

१९ जानेवारी

दुसरी खेप. जिलेटिननंतर १ टक्का ग्लुटराल्डिहाइड अर्धा तास, फ्यूम हूडमध्ये. मग तीन वेळा धुणं, मग १ मोलर इथॅनोलअमीन अर्धा तास. ही पायरी टाळून चालत नाही, कारण उरलेले अल्डिहाइड गट बांधून टाकले नाहीत तर ते पेशींना मारतात. परत धुणं. उद्या पेरणार.

आज धुणंच धुणं.

२२ जानेवारी

पेशी चिकटल्या आहेत, वाट बघायची. मधल्या वेळात जुन्या वह्या स्कॅन करायला घेतल्या. कपाटात एकतीस वह्या निघाल्या. पहिल्या चारमधली शाई फिकट झाली आहे.

मी या विषयात आले तेव्हा मॅट्रिक्स म्हणजे भरताड अशीच बहुतेकांची समजूत होती. खरी जीवशास्त्राची गोष्ट पेशीच्या आत, केंद्रकात. बाहेरचं ते पॅकिंग. माझे पहिले मार्गदर्शक त्याला "गाळ" म्हणायचे, आणि अगदी चेष्टेने नाही. अर्थात तोपर्यंत बरंच काही छापून आलं होतं. रिचर्ड हाइन्स यांनी १९७३ मध्ये दाखवलं होतं की पेशी कर्करोगी झाली की तिच्या पृष्ठभागावरचं एक मोठं प्रथिन नाहीसं होतं. तेच पुढे फायब्रोनेक्टिन म्हणून ओळखलं गेलं. एलिझाबेथ हे यांनी गर्भातल्या पारपटलाच्या पेशी कोलॅजेनवर ठेवल्या, तर त्या पेशी स्वतःच जास्त कोलॅजेन बनवू लागल्या. म्हणजे गाळ पेशीला काहीतरी सांगत होता.

आणि मिना बिसेल. मुळात जिवाणूंच्या आनुवंशिकीत पीएचडी केलेली बाई, पुढे लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत. १९८२ मध्ये त्यांनी आणि दोन सहकाऱ्यांनी एक लेख लिहिला: मॅट्रिक्सकडून निघालेला निरोप पेशीच्या पडद्यातून, आतल्या सांगाड्यातून थेट केंद्रकापर्यंत पोचतो, जनुकं त्याप्रमाणे वागतात, आणि पेशी उलट मॅट्रिक्स बदलते. दोन्ही बाजूंनी देवघेव. तेव्हा इंटिग्रिन (पेशीच्या पडद्यातलं, मॅट्रिक्सला धरणारं प्रथिन) हे नावसुद्धा नव्हतं, ते आलं १९८६ मध्ये. पडद्यातून निरोप नेणारा दूत माहीत नसताना निरोप जातो असं छातीठोक म्हणायला धाडस लागतं. मला त्या लेखाची झेरॉक्स कुणीतरी तिसऱ्या-चौथ्या हाताने दिली होती. वहीत चिकटवलेली सापडली. समासात माझ्याच अक्षरात: "पुरावा?"

दोन वर्षांनी पुरावाही आला, आणि कोंबडीच्या अंड्यातून आला. राउस विषाणू कोंबडीत गाठ करतो हे १९११ पासून माहीत होतं. बिसेल आणि डॉल्बर्ग यांनी तोच विषाणू गर्भात टोचला, तर गाठ झालीच नाही. गर्भातल्या त्याच पेशी सुट्या करून डिशमध्ये ठेवल्या की मात्र कर्करोगी. जनुक तेच, विषाणू तोच, फरक शेजाराचा.

२८ जानेवारी

आठ दिवस झाले. थर सुटलेला नाही, पण जाळं विरळ. फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपखाली इकडे-तिकडे चार रेघा. हे मॅट्रिक्स काढायलाही पुरणार नाही.

विद्यार्थिनीने व्हिटॅमिन सीची कुपी उजेडात धरली. पिवळी. मीच पंधरा दिवसांपूर्वी बनवून चार अंशांना ठेवलेली.

व्हिटॅमिन सी पाण्यात ठेवलं की हवेने खराब होत जातं, हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. कोलॅजेनच्या प्रत्येक साखळीत दर तिसरी जागा ग्लायसिनची आणि उरलेल्या जागांपैकी बऱ्याच प्रोलिनच्या. त्यातल्या कित्येक प्रोलिनवर पेशी एक हायड्रॉक्सिल गट चढवते. ते काम करणाऱ्या एन्झाइमला लोह लागतं, आणि ते लोह कामाच्या स्थितीत ठेवायला व्हिटॅमिन सी. ते नसेल तर तिपेडी दोरी शरीराच्या तापमानाला उकलते आणि पेशी तो माल बाहेर सोडतच नाही. दर्यावर्दी लोकांच्या हिरड्या सडायच्या, जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या, ते याचमुळे. जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये बारा आजारी खलाशांवर प्रयोग केला आणि संत्री-लिंबं खाणारे दोघं लवकर उठले. आमच्या डिशना, थोडक्यात, स्कर्व्ही झाला होता.

पुढची खेप: दर वेळी ताजं द्रावण, त्याच दिवशी वजन करून. टिकाऊ फॉस्फेट रूपही मिळतं, पण मागवून येईपर्यंत थांबायचं नाही.

२ फेब्रुवारी

तिसरी खेप पेरली. आठ डिश.

६ फेब्रुवारी

दहाव्या वहीत पोचले. इथे एक प्रकरण आहे ते लपवून चालणार नाही.

तेव्हा मी स्तनाच्या पेशी तळपटलासारख्या (पेशींच्या थराखालच्या पातळ मॅट्रिक्ससारख्या) जेलमध्ये वाढवत होते. हे जेल उंदराच्या एका सार्कोमापासून काढतात. रुपर्ट टिंपल आणि सहकाऱ्यांनी लॅमिनिन वेगळं केलं ते त्याच गाठीतून, १९७९ मध्ये. बर्फावर द्रव, गरम झालं की घट्ट. माझ्या पेशी त्यात भराभर वाढल्या, छान पोकळ गोळे झाले, आणि मी ठरवलं की हे सगळं लॅमिनिनचं काम. आठ महिने त्यावर. मग शुद्ध लॅमिनिन घेतलं तर निम्मा परिणाम गायब. जेलमध्ये गाठीतले वाढीचे घटकही येतात, टीजीएफ-बीटापासून अनेक, आणि प्रत्येक लॉट थोडा वेगळा. वहीच्या त्या पानावर मी फक्त "लॉट बदलला?" एवढं लिहून पान उलटलं आहे. प्रश्न लॉटचा नव्हता, माझ्या उतावळेपणाचा होता.

तरी त्रिमितीत वाढवायची सवय लागली ती तिथेच. बिसेल आणि डेन्मार्कमधले ओले पीटरसन यांनी १९९२ मध्ये दाखवलं होतं की सपाट प्लास्टिकवर निरोगी आणि कर्करोगी स्तनपेशी ओळखता येत नाहीत, पण जेलमध्ये निरोगी पेशी नीट गोळा करून थांबतात आणि कर्करोगी पेशी वाटेल तशा वाढत राहतात. १९९७ मध्ये व्हॅलरी वीव्हर आणि बिसेल यांनी बीटा-१ इंटिग्रिन अँटिबॉडीने अडवलं, तर त्याच कर्करोगी पेशींनी नीट गोळे केले. जनुकांची बिघडलेली अवस्था तशीच; दिसणं आणि वागणं मात्र वळणावर आलं. तो निष्कर्ष वाचून मी दोन दिवस कुणाशी नीट बोलले नव्हते. मत्सर होता तो, दुसरं काही नाही.

१० फेब्रुवारी

पेशी काढायचा दिवस. पीबीएसमध्ये (क्षारांचं बफर द्रावण) ०.५ टक्के ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट आणि २० मिलिमोलर अमोनियम हायड्रॉक्साइड, ३७ अंशांना गरम केलेलं. डिश मायक्रोस्कोपखालीच ठेवली आणि बाजूच्या भिंतीवरून हळूच द्रावण सोडलं.

पहिल्या मिनिटात काही नाही. मग पेशींच्या कडा फिकट व्हायला लागल्या, जशी ओल्या कागदावर शाई पसरते तशा. आतले कण एकदम स्थिर. केंद्रकं फुगली, क्षणभर काळ्या काचेच्या गोट्यांसारखी दिसली आणि एकेक करून विरली. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला पेशी म्हणावी असं काही नव्हतं. मला वाटलं डिश रिकामी झाली. विद्यार्थिनीने फोकस एक-दोन अंश वर घेतला, आणि तिथे होतं: बारीक, एकमेकांना समांतर जाणाऱ्या, मधेच फाटे फुटणाऱ्या रेघा, थरावर थर. पेशी ज्या दिशेला झोपलेल्या होत्या त्याच दिशेला.

घाई केली असती तर फोकसच्या चुकीने हेही धुतलं गेलं असतं.

फुटलेल्या केंद्रकांतला डीएनए चिकट धाग्यांसारखा लोंबत होता. डीएनेझ, म्हणजे डीएनए तोडणारं एन्झाइम, दिलं, अर्ध्या तासात साफ. मग पीबीएसने धुणं, तेही कसं, तर अर्धं द्रव डिशमध्येच ठेवून, पिपेटचं टोक भिंतीला टेकवून. एका डिशमध्ये माझा हात हलला आणि जाळ्याचा कोपरा पदरासारखा उचलला गेला. ती बाद. सात उरल्या.

११ फेब्रुवारी

फायब्रोनेक्टिनचा अँटिबॉडी रंग घेतला, एका डिशवर. हिरव्या धाग्यांचं दाट विणकाम. शेजारची नियंत्रण डिश, जिच्यात पेशी कधीच नव्हत्या आणि फक्त सीरमचं मीडियम होतं, तीही अगदी पुसट हिरवी दिसली. सीरममध्ये फायब्रोनेक्टिन असतंच. पण ते नुसता लेप, धागा नाही. रक्तातलं फायब्रोनेक्टिन घडी घातलेलं असतं. पेशी इंटिग्रिनने त्याची दोन टोकं धरून ओढते, घडी उलगडते, आत दडलेल्या जागा उघड्या पडतात, आणि मग एक रेणू दुसऱ्याला अडकतो. ओढ नसेल तर धागा नाही. पहिल्या खेपेला जिने माझे सहाही थर उखडले तीच ही ओढ.

१२ फेब्रुवारी

तीन डिशवर नव्या फायब्रोब्लास्ट सोडल्या, तीन साध्या फायब्रोनेक्टिनचा लेप दिलेल्या प्लास्टिकवर. विद्यार्थिनीने झाकणांवर अक्षरं टाकली आणि यादी स्वतःकडे ठेवली, मला कळू नये म्हणून. पाच तासांनी बघितलं. यादीची गरजच पडली नाही. लेपावर पेशी तळलेल्या अंड्यासारख्या पसरट. जाळ्यावर निमुळत्या, दोन्ही टोकांना अणकुचीदार, धाग्यांच्या दिशेने झोपलेल्या. जाळ्यावर त्या लवकर चिकटल्याही.

२० फेब्रुवारी

हा प्रयोग मला सर्वांत जास्त हवा होता. रसायन तेच ठेवून फक्त जाडी काढून टाकली तर? २००१ च्या कामातही हे केलेलं आहे. जाळ्यावर गोल कव्हरस्लिप, त्यावर छोटं वजन, दाबून ठेवलं. मग अलगद काढलं आणि पेशी सोडल्या.

संध्याकाळी मायक्रोस्कोप डिशच्या मध्यावर होता. पेशी पसरट, प्लास्टिकवरच्यासारख्या. ठीक, अपेक्षित. मग स्टेज सरकवत कडेला निघाले. कव्हरस्लिप जिथवर होती तिथे एक सीमा दिसते, दाबलेलं आणि न दाबलेलं जाळं यांच्यामधली, गव्हाच्या शेतात कुणी चादर अंथरून उचलावी तशी. सीमेच्या आत पसरट पेशी. सीमेच्या बाहेर निमुळत्या. एकच डिश, एकच मीडियम, एकाच फ्लास्कमधल्या पेशी. नेमकी रेघेवर बसलेली एक पेशी सापडली: तिचा आतला अर्धा भाग पंख्यासारखा पसरलेला आणि बाहेरचा अर्धा टोकदार, एका धाग्यात शिरलेला.

विद्यार्थिनीला हाक मारली. ती बराच वेळ डोळा लावून बसली. मग म्हणाली, "हिला कळत नाहीये कुणाचं ऐकायचं."

फोटो काढले, चौदा.

२१ फेब्रुवारी

दुसऱ्या दाबलेल्या डिशमध्ये सीमा एवढी स्पष्ट नाही. वजन तिरकं बसलं असावं. एका डिशवरून काही सिद्ध होत नाही हे रात्री झोपताना स्वतःला सांगितलं, सकाळी पुन्हा सांगितलं. नवी खेप लावायची.

४ मार्च

चौथ्या खेपेत तीन डिश दाबल्या, तिन्हींमध्ये सीमा आली. आता बरं वाटतंय.

वह्या चौदाव्यापर्यंत स्कॅन झाल्या. पण आज पुन्हा तिसरी काढली. तेव्हा मी फायब्रोब्लास्टचा एक फ्लास्क दोन आठवडे विसरले होते. नोंद अशी: "पेशी बहुतेक मेल्या. तळाला जाळीसारखा कचरा, मीडियमने जात नाही. ब्रश लावून साफ केला, फ्लास्क पुन्हा वापरला." काचेचे फ्लास्क होते तेव्हा.

पेशी मेल्या, जाळी गेली नाही, म्हणून ब्रश. डेनिस गॉस्पोदारोविच आणि इस्रायल व्लोदाव्स्की यांनी तर १९८० मध्येच पेशी काढून मागे उरलेल्या थरावर नव्या पेशी वाढवून दाखवल्या होत्या. मला वाचायला वेळ होता, वाचलं नाही. ते पान दोनदा स्कॅन केलं, एक प्रत विद्यार्थिनीला दिली. तिने काही न बोलता फाइलला लावली.

११ मार्च

विद्यार्थिनीने पाचवी खेप सुरुवातीपासून एकटीने लावली. मी दुसऱ्या खोलीत पेशींच्या कुप्यांची यादी करत होते. नायट्रोजन टाकीत दोनशेच्या वर कुप्या, काहींवरची अक्षरं वाचता येत नाहीत. न वाचता येणाऱ्या टाकून द्याव्यात असं माझं मत. तिचं मत, एकेक वितळवून बघावी. आत्ता तरी तिचंच चालू देते.

तिला पुढचा प्रश्न कडकपणाचा घ्यायचा आहे. अॅडम एंगलर आणि डेनिस डिशर यांनी २००६ मध्ये दाखवलं की मूलपेशी मऊ जेलवर चेतापेशींच्या वळणाने जातात, मध्यम कडक जेलवर स्नायूंच्या आणि आणखी कडक जेलवर हाडांच्या. दाबलेल्या जाळ्यात बदलली ती जाडी की कडकपणा की दोन्ही, हे आमच्या प्रयोगातून कळत नाही. तिने ते पहिल्याच दिवशी विचारलं होतं आणि मी "नंतर" म्हटलं होतं. मोजायला अणुबल सूक्ष्मदर्शक लागेल. शेजारच्या विभागाशी बोलून ठेवलं आहे, पण वेळ तिने घ्यायचा.

१५ मार्च

हस्तांतराची नोंद.

दाबलेल्या दोन आणि न दाबलेल्या तीन डिश, पेशी नसलेल्या, फ्रिजमध्ये ४ अंशांना, खालून दुसऱ्या कप्प्यात. पीबीएसमध्ये अँटिबायोटिक आहे. द्रव कमी झाल्यास भिंतीवरून भरणे. सुकू देऊ नये. व्हिटॅमिन सी दर वेळी ताजं. जुनी कुपी मी फेकली आहे. झाकणावर "रिकामी" असं कुणीतरी लिहिलं होतं, ते खोडून तारीख घातली.